दोन डोक्यांचे वामनराव

तीर्थपुरी,
आश्विन वद्य द्वितीया, शके १८५६

चि. गिरिधर यास वामनचा आशीर्वाद.

हे पत्र भांडायला लिहितो आहे, म्हणून आशीर्वाद आधीच देऊन टाकला. पुढे आठवण राहील न राहील.

अंतरवालीत तू काय करून ठेवलंस? आपलं ठरलं काय होतं? गावात मी आधी जायचं. टोपी काढून टक्कल दाखवायचं. 'मी वामनराव, कुंतलविजय तेलाचा एजंट. आज एक बाटली विकणार नाही. आजपासून हे तेल स्वतःच्याच डोक्याला लावतो, चार महिन्यांनी येतो, तेव्हा माझं डोकं बघा आणि पटलं तर घ्या,' असं सांगायचं, लोकांचं हसू झेलायचं आणि निघायचं. चार महिन्यांनी 'वामनराव' म्हणून तू जायचं आणि टोपी काढायची. आपले बाप सख्खे भाऊ, आया सख्ख्या बहिणी. देवानं दोघांना एकच नाक, एकच हनुवटी दिली आणि केस तेवढे सगळे तुझ्या वाटणीला घातले. या एका अन्यायावर आपला धंदा उभा आहे. त्यासाठी दोन वर्षं आपण एका मोटारीत बसलो नाही, सणाला एका पंगतीला जेवलो नाही, काय ते पत्रानं बोलतो. आणि तू पंधरा दिवसांत अंतरवालीत जाऊन उभा राहिलास!

तिथला रामकिसन इथल्या बाजारात भेटला. मला हिवताप होता, डोक्याला मफलर गुंडाळला होता म्हणून वाचलो. म्हणाला, "वामनराव, तुमच्या डोक्यावर पंधरा दिसात ज्वारीवानी आल्तं. म्या महिना झाला चोळून राह्यलो, गवताची काडीबी न्हाई." मी म्हणालो, जमिनी-जमिनीचा फरक असतो. बिचारा विचार करत गेला.

आता दुसरी गोष्ट, आणि ही कान देऊन वाच. इथं तापानं पडलो तो जगन्नाथपंतांच्या ओसरीवर. जगन्नाथपंत इथले कुलकर्णी; गृहस्थ सरळ, डोकं माझ्याहून स्वच्छ. त्यांची मुलगी विमल, एकोणीस वर्षांची. स्थळांच्या बाबतीत पंत फार चिकित्सक, म्हणून अजून घरात आहे. काढा तीच आणून द्यायची. एकदा तिनं विचारलं, "तेल लावून केस आले न्हाईत तर?" मी म्हणालो, "मग असाच राहीन." ती म्हणाली, "असंच बरं दिसतंय."

गिऱ्या, तीस वर्षांत असं मला कुणी म्हटलेलं नाही. पंतांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "केस येऊ द्या, मग बोलू." मी चार महिन्यांनी इथं येऊन त्यांना खरं काय ते सांगणार आहे. हाकलतील किंवा मुलगी देतील. तोवर तीर्थपुरीत तू पाऊल टाकायचं नाहीस. बाकी सगळा तालुका तुझा.

तुझा
वामन


अंबड,
कार्तिक शुद्ध षष्ठी

ती. दादास गिरिधरचा सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. उषानंही वाचलं आणि इतकी हसली की पोळी करपली. आमचे वामनदादा काढा पिऊन घायाळ झाले! एवढा वैद्य घरी आणायचा तर आणूच.

अंतरवालीचं म्हणशील तर माझी चूक कबूल. पण दादा, तू टक्कल दाखवून येतोस त्यात तुला काय घालावं लागतं? टोपी काढली की झालं. मला मात्र केस राखावे लागतात, विंचरावे लागतात, उवा येऊ द्यायच्या नाहीत. वडीगोद्रीला बाया येऊन माझे केस ओढून बघतात. एका म्हातारीनं तर चार उपटून घरी नेले, नातवाच्या ताईतात घालायला. हे कष्ट तुला दिसत नाहीत.

तीर्थपुरीची काळजी सोड. मत्स्योदरी देवीची शपथ घेऊन सांगतो, त्या गावाकडे तोंड करून झोपणारसुद्धा नाही. तिथला बाजार मोठा आहे, पंचक्रोशी लोटते असं ऐकतो, पण आपल्याला काय करायचंय.

तुझा आज्ञाधारक
गिरिधर


जालना,
माघ शुद्ध दशमी

गिरिधर,

आशीर्वाद देत नाही.

काल जगन्नाथपंतांचं पत्र माझ्या इथल्या बिऱ्हाडी आलं. त्यातलं एक वाक्य उतरवून देतो: 'आपले केशवैभव पाहून डोळे निवाले, साखरपुडाही यथासांग पार पडला, आता वैशाखातली तिथी धरू.'

माझा साखरपुडा झाला आणि मला आमंत्रण नाही! माझ्या लग्नाचे पेढे तू खाल्लेस. नारळ तुझ्या हातात. ती समोर येऊन बसली असेल, तिनं वर पाहिलं असेल, तर तुझ्याकडे पाहिलं असेल. तुझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, घरी उषा आहे, तुला लाज कशी नाही वाटली?

मला केस नाहीत याचं दुःख मी कधीच केलं नाही. गावोगाव लोक हसले, पोरांनी खडे मारले, ते मी आपल्या दोघांसाठी झेललं. एकच गाव माझ्यासाठी मागितलं होतं. तू देवीची शपथ घेतली होतीस.

ही तक्रार आता मी कारखान्याकडे लेखी देतो आहे. एजंटांच्या भांडणाचा निकाल लावणं त्यांचं काम आहे.

वामन


अंबड,
माघ पौर्णिमा

ती. दादा,

आधी शांत हो. डोक्यात राख घालून घेऊ नकोस. तुझ्या डोक्यावर ती लगेच दिसेल.

झालं ते असं. अंतरवालीचं बोंबलल्यामुळे माल पडून होता. म्हटलं तीर्थपुरीच्या बाजारात उभं राहायचं, खपवायचं आणि कुलकर्ण्यांच्या आळीकडे न बघता परत. तर पंतच भाजी घ्यायला आले. "वामनराव!" म्हणून ओरडले आणि भर बाजारात माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. इतक्या मायेनं आईनंही कधी धरलं नव्हतं. एकदा जोरात ओढून पाहिलं. केस हातात आले नाहीत, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला घरी घेऊन गेले, वाटेत भेटेल त्याला माझं डोकं दाखवत. अंबडहून आलेला कुणी पाहुणा तिथं बसला होता. तो म्हणाला, "वामनरावांना तर टक्कल आहे." पंत म्हणाले, "होतं."

पुढं सगळं पंतांनीच केलं. भटजी बोलावले, नातलग जमले. आमच्या बाबांना, म्हणजे तुझ्या काकांना, का आणलं नाही विचारलं, तेव्हा ते आजारी आहेत असं सांगून वेळ निभावली. आता तूच सांग. मी नाही म्हणालो असतो तर तुझं लग्न मोडलं असतं. हो म्हणालो म्हणून ठरलं. नाव तुझं लागलं, गोत्र एकच, फक्त डोकं माझं वापरलं. यात मी काय खाल्लं? पुरणपोळ्या सोडून.

आणि राहिला प्रश्न वैशाखात त्यांना टक्कल दिसण्याचा. त्याचाही बंदोबस्त केला आहे. आमचे बाबा वारले असं मी तुझ्या नावानं पंतांना कळवून टाकलं. वाढवलं त्यांनी, चुलता बापाच्या जागी, तेव्हा दहाव्याला तू क्षौर केलंस. झालं! टकलाचं कारण मिळालं आणि तेही धर्माचं. कुणाची हिंमत आहे बोट दाखवायची? बाबांना तरी कुठं तीर्थपुरीला जायचंय.

हे सुचायला डोकं लागतं, दादा. रागावू नकोस.

तुझा
गिरिधर


कुंतलविजय तेल कारखाना, जालना
माघ वद्य अष्टमी

रा. रा. वामनराव यांस,

आपला तक्रारअर्ज पोहोचला. चौकशीअंती कळविण्यात येते की, अंबड तालुक्यात या कारखान्याचा एकच एजंट आहे व तो म्हणजे आपण. गिरिधर नावाचा कोणी इसम आमच्या दफ्तरी नाही. तीर्थपुरी येथे जो माल खपला तो वामनराव यांनी खपविला असे तेथील दुकानदार सांगतात. सबब आपली तक्रार आपल्याविरुद्धच दाखल झालेली दिसते.

एजंटांमधील वितुष्ट मिटविण्याचा कारखान्याचा नियम असा की, उभय पक्षांनी भर बाजारात समोरासमोर यावे, गळाभेट घ्यावी व एका ताटात जेवावे, म्हणजे गिऱ्हाइकांचा विश्वास बसतो. आपण एकटेच असल्यामुळे यातील एका ताटाची अट बिलकुल अडचणीची नाही. बाकीचेही आपण आपल्या सोयीने पार पाडावे व स्वतःशी सलोखा झाल्याचे लेखी कळवावे.

तीर्थपुरीतील विक्रीबद्दल आपले अभिनंदन.

मॅनेजर


अंबड,
फाल्गुन शुद्ध चतुर्थी

चि. वामन व चि. गिरिधर यांस,

दोघांना मिळून एकच आशीर्वाद पाठवतो. तुम्ही हल्ली एकच माणूस झाला आहात असं कळलं.

मी वारलो, हे मला परवा टपालानं समजलं. तीर्थपुरीच्या कुणा जगन्नाथपंतांचं सांत्वनाचं पत्र आहे. मी ओसरीत बसून मोठ्यानं वाचलं. 'कैलासवासी नरहरपंतांची शांत, तेजस्वी मूर्ती डोळ्यांपुढून हलत नाही,' असं लिहितात. त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही. पण खोटं का बोलू, जिवंतपणी इतकं चांगलं मला कुणी म्हटलं नव्हतं. तुमच्या काकूनं तर कधीच नाही. ती म्हणाली, "तेजस्वी? पुन्हा वाचा बघू."

गिरिधर आज घरी नाही. माझी चाहूल लागली की मागच्या दारानं जातो. उषाकडून सगळं काढून घेतलं. अरे दिवट्या, बापाला मारलंस ते मारलंस, पण धर्म तरी पुरता शिकायचा होतास! घरातलं कर्तं माणूस गेलं की वर्षभर मंगलकार्य होत नाही. टकलाला कारण मिळवायला गेलास आणि लग्नच घालवून बसलास. पंतांनी पत्रात शेवटी स्पष्ट लिहिलं आहे की, वर्षश्राद्ध होईपर्यंत लग्न नाही, आणि मुलगी आधीच थोराड दिसू लागली आहे, तेव्हा ते घनसावंगीचं एक स्थळ पाहणार आहेत.

मी त्यांना उलट टपाली कळवलं आहे की मी हयात आहे. पण मयतानं स्वतः लिहिलेल्या पत्रावर कोण विश्वास ठेवतो, ते बघायचं.

वामन, तुला मी तळहातावर वाढवला. तू तरी मला विचारायला हवं होतंस.

तुमचा (अजून)
काका


जालना,
फाल्गुन शुद्ध नवमी

गिरिधर,

काकांचं पत्र तुलाही मिळालं असेल. पुढच्या दारानं आत जाऊन वाच.

मी आता रागावलेलोही नाही. राग असता तर बरं होतं. तीर्थपुरीला जाऊन खरं सांगायचं म्हणतो, पण सांगू काय? की पहिला मी, दुसरा तो, काका जिवंत आहेत, आणि केस कुणाच्याही डोक्यावर आलेले नाहीत? हे खरं आहे यावरसुद्धा कुणी विश्वास ठेवायचं नाही. खोटं इतकं नीट रचलं होतं आपण.

कारखान्याला राजीनामा लिहून ठेवला आहे. त्यांच्या मते तोही एकाच माणसाचा होईल, तेव्हा तुझाही धंदा जाईल. त्याला माझा इलाज नाही. तू पुढं काही लिहिलंस तरी मी ते खरं धरणार नाही, म्हणून लिहू नकोस.

वामन


अंबड,
फाल्गुन वद्य एकादशी

ती. दादा,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहितो. सोबत एक पत्र आहे, ते तुझं आहे. पाकिटावर 'वामनराव' होतं आणि त्या नावाला ओ द्यायची मला इतकी सवय झाली आहे की फोडून वाचून टाकलं.

आठ दिवस जवळ ठेवलं. एकदा चुलीपर्यंत नेलं होतं. उषानं हात धरला. म्हणाली, "हे जाळलं तर मी माहेरी जाईन, आणि कुणी विचारलं तर माझा नवरा वारला म्हणून सांगेन. तुमच्या घरात तशी पद्धतच आहे."

दादा, लहानपणापासून गणित तुझं, अक्षर तुझं, आमच्या आईचा जीव तुझ्यावर. मला एक केस तेवढे होते. गावात टोपी काढली की माणसं "वा!" म्हणायची. मला त्याआधी कुणी "वा!" म्हटलं नव्हतं. त्या "वा!"साठी मी तीर्थपुरीला गेलो, माल खपवायला नाही. हे तुला पटणार नाही, पण खरं हेच आहे.

तिनं काय मागितलं आहे ते वाच. मी येईन असं लिहीत नाही. माझ्या लिहिण्यात काही राम उरलेला नाही. तू जा. मी आलो तर दिसेनच.

गिरिधर


(सोबतचे पत्र)

तीर्थपुरी,
फाल्गुन वद्य प्रतिपदा

श्री. वामनराव यांस, किंवा त्यांच्या जागी जे कोणी असतील त्यांस,

हे पत्र दोघांपैकी कुणाच्या हाती पडेल ठाऊक नाही, म्हणून दोघांना मिळून लिहिते. बाबांना ठाऊक नाही. अंबडहून आलेल्या काकांच्या पत्रावरचा पत्ता घेतला. ते हयात आहेत हे वाचून मला फार बरं वाटलं. बाबा मात्र ते पत्र देवघरात ठेवून रोज पाणी शिंपडतात.

तुम्ही दोघे आहात हे मला साखरपुड्याच्या दिवशीच कळलं होतं. पाट मांडताना मी हळूच विचारलं, "ताप पुन्हा आल्ता का?" तर केसवाले म्हणाले, "कुठला ताप?" तीन दिवस ज्यानं आमच्या ओसरीवर दात वाजवले तो माणूस असं म्हणेल का? त्यांनी सात पुरणपोळ्या खाल्ल्या आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते एक चांगलं केलं. म्हणून त्यांच्यावर माझा फार राग नाही.

राग आहे तो पहिल्यांवर. तुमच्याशी खोटं बोलायची मला कधी गरज पडली नाही. तुम्हाला माझ्याशी का पडली? चार महिने दुसऱ्याच्या केसांची वाट बघत बसण्यापेक्षा त्याच दिवशी बाबांना सांगितलं असतं तर?

चैत्री पाडव्यानंतरच्या बाजारानंतर घनसावंगीचे लोक मला बघायला यायचेत. त्या बाजाराच्या दिवशी तुम्ही दोघांनी मिळून तीर्थपुरीत यावं. उघड्या डोक्यानं, सगळ्यांच्या देखत. घरात येऊन कानात सांगितलेलं मला नको. बाबांनी साऱ्या गावाला ते केस दाखवलेत, त्यांची मान गावातच खाली जायची आहे. मग तुमचीही तिथंच जाऊ द्या. एवढं केलंत तर बाबांशी मी बोलेन.

एकटेच आलात तर लोक म्हणतील केस गळाले. म्हणून दोघं.

न आलात तर मी धरून चालेन की ओसरीवर कुणी आल्तंच न्हाई.

विमल


(पोस्टकार्ड)
जालना, फाल्गुन वद्य अमावास्या

गिरिधर, पोहोचलं. मी जातो आहे. वेशीजवळ मारुतीच्या पारावर बसेन. तुझी वाट बघत नाही. जालन्याहून चालून पाय दुखतील म्हणून बसेन. वामन


तीर्थपुरी,
चैत्र शुद्ध अष्टमी

श्रीमंत नरहरपंत यांस जगन्नाथचा सप्रेम नमस्कार.

आपण हयात आहात याबद्दल आता माझी खात्री झाली आहे. आपलं पहिलं पत्र आलं तेव्हा घरात शांत करून घेतली होती, त्याबद्दल राग मानू नये.

परवाच्या बाजारात जे घडलं ते आपल्या कानी तिखटमीठ लावून येण्याआधी मीच लिहितो.

सकाळपासून वामनराव पारावर उघड्या डोक्यानं बसून होते. लोक जमू लागले. "केस गेले व्हय वामनराव?" "काका गेले न्हवं, मंग काढले असतील." ते नुसते रस्त्याकडे बघत होते. मी गेलो, सांत्वनाचे चार शब्द बोललो. ते म्हणाले, "पंत, थोडं थांबा. मला सांगायचंय ते एकट्यानं सांगता येत नाही." दुपार कलायला आली. मला वाटलं, शोकानं यांचं डोकं फिरलं. आणि मग वडीगोद्रीकडच्या वाटेनं धापा टाकत दुसरे वामनराव आले. केसांसकट.

बाजार पाराभोवती लोटला. भाजीवाली पुष्पाबाई ओरडली, "अगं माय, दोन हायेत!" एक बाई तर टोपली टाकून पळाली.

दुसरे पारावर चढले आणि म्हणाले, "हे वामनराव. मी गिरिधर. ह्यांनी दोन वर्षं रोज तेल लावलं, एक केस आला न्हाई. मी थेंब लावला न्हाई, मला जन्मापासून आहेत. पंतांना मी फसवलं. ह्यांनाबी मीच फसवलं." नरहरपंत, मी त्या तेलाच्या पाच बाटल्या संपवल्या होत्या. कानामागं मला कोवळी लव दिसू लागली होती. ती त्या क्षणी दिसेनाशी झाली.

लोक खवळले. कुणी म्हणालं, हे केसबी खोटे असतील, ओढा! माणसं अंगावर धावली. तेव्हा वामनराव मध्ये पडले. त्यांनी दोन फटके खाल्ले, पण भावाला सोडलं नाही. गिरिधरराव स्वतःच त्यांच्या हातातून सुटले आणि झाडाखाली हजामत करणाऱ्या भुजंगापुढे जाऊन बसले. "काढ. मुळापासून काढ, लोकांना बघू दे." भुजंग वस्तरा घेऊन थबकला. "बाप हाय का गेला?" "हाय." "मंग म्या न्हाई हात लावत. बाप जित्ता असताना मुंडन, हे पाप कुणी घ्यावं?"

सगळं तिथंच अडलं. मी मोठ्या विचारात पडलो. शेवटी पुढं होऊन म्हणालो, "यांचे वडील माझ्या सांत्वनपत्राप्रमाणे वारलेले आहेत. तू कर सुरू." या शब्दांबद्दल आपली क्षमा मागतो. दुसरा मार्ग नव्हता.

केस खाली पडत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण ते हलले नाहीत. लोक एकेक करून हसू लागले. ज्यांच्याकडे बाटल्या होत्या त्यांनी त्या झाडाच्या मुळाशी ओतल्या.

दोघांना घरी आणलं. ओसरीवर शेजारी बसवलं आणि माझी पंचाईत झाली. एक नाक, एक हनुवटी, आणि आता एक डोकं. जावई कोण आणि लबाड कोण, काही कळेना. मी एकाला रागानं बरंच बोललो, तो दुसराच निघाला. तेवढ्यात विमल पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि क्षणभर न थांबता तो वामनरावांपुढे धरला. मी विचारलं, "तुला कसं गं कळलं?" ती गिरिधररावांकडे बघत म्हणाली, "बाबा, हे बघा ना, हे सारखे डोक्यावर हात फिरवून राह्यलेत. काही हरवल्यावानी. ते न्हाई फिरवत."

एवढं सगळं झालं तरी माझं मन होत नव्हतं. फसवणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायची कशी? मी जेवायला थांबा असंही म्हणालो नाही. गिरिधरराव उठले, "माझ्यामुळं झालं, मी जातो," म्हणाले आणि भर उन्हात चालू लागले. वामनराव बसून होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. एकाएकी ते उठले, अनवाणीच धावले आणि वेशीपाशी त्यांना गाठलं. मला वाटलं, आता मारतात. त्यांनी आपल्या खांद्यावरचं उपरणं काढलं, भावाच्या डोक्याला नीट गुंडाळलं आणि म्हणाले, "वेड्या, पहिल्या दिवशी ऊन फार लागतं रे. सवय व्हायला वर्ष जातं." मग दोघंही तिथंच उभे राहून रडले. दोन वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना एका जागी उभं राहता आलं होतं, हे मला नंतर समजलं.

परत बोलावून दोघांना एका पंगतीला जेवू घातलं. ज्याला स्वतःच्या अपमानापेक्षा दुसऱ्याच्या डोक्याचं ऊन आधी दिसतं, त्याच्या घरी माझी पोर उपाशी राहायची नाही. घनसावंगीला नकार कळवला आहे.

वैशाख शुद्ध तृतीया धरली आहे. सहकुटुंब यावे. आपण हयात असल्यामुळे त्या तिथीला आता कसलीच हरकत उरलेली नाही.

आपला
जगन्नाथ